मनगटावरचा अभिमान

(नेसरी, ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



नेसरीच्या मातीवर उभे राहून अभिमान हा शब्द सहज उच्चारता येत नाही. उमराणीच्या लढाईत १६७३ साली कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला सरनोबत प्रतापराव गुजर यांनी जाऊ दिले. त्यावर शिवाजी महाराजांचा कोप झाला आणि खानाचा निकाल लावल्याखेरीज तोंड दाखवू नये, अशा आशयाचा निरोप सरनोबतांस गेला, असे बखरी सांगतात. पुढे फेब्रुवारी १६७४ मध्ये याच परिसरात प्रतापराव आपल्या सहा साथीदारांसह खानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण धारातीर्थी पडले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तो पाहण्यास सरनोबत उरले नव्हते. कुसुमाग्रजांच्या कवितेने ही कथा मराठी घराघरांत नेली. त्या सात स्वारांनी केले ते युद्धशास्त्राच्या दृष्टीने योग्य की अयोग्य, याचा खल अभ्यासक करोत. येथे एवढेच लक्षात घ्यायचे की, प्रौढ, कर्त्या पुरुषाच्या काळजाला लागलेला एक शब्द काय घडवू शकतो, हे या गावाला साडेतीनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

हे मर्म बाजारालाही ठाऊक आहे. फरक इतकाच की, बाजार त्या मर्मावर बोट ठेवतो तो राज्य राखण्यासाठी नव्हे, तर घड्याळ, अंगठी, कडे, साखळी, गॉगल, पेन आणि पाकीट खपविण्यासाठी. आजचा विषय हाच आहे. पंचेचाळीस ते साठ या वयातील पुरुषाला शोभेच्या वस्तू विकताना त्याच्या भावनांचा जो वापर केला जातो, तो कसा चालतो आणि त्याची किंमत कोण मोजतो?

विषय किरकोळ वाटेल. पुरुषाच्या अंगठीवर व्याख्यान कसले, असेही कोणी म्हणेल. परंतु स्त्रियांच्या नटण्यामुरडण्यावर, साड्यांच्या खरेदीवर आणि दागिन्यांच्या हौसेवर आपल्या व्यासपीठांवरून आजवर किती बोलले गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. घरातल्या पुरुषाच्या हौसेविषयी मात्र सगळे मौन. तो बिचारा कुटुंबासाठी राबतो, त्याला हौस कसली, हा समज रूढ आहे. जाहिरातदाराने नेमका हाच समज भांडवल म्हणून वापरला.

घड्याळाची गोष्ट

या भागातील जुन्या मंडळींना आठवेल. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या टापूतून कितीतरी तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले. गणपतीला किंवा शिमग्याला ते गावी येत, तेव्हा एसटीतून उतरणाऱ्या त्या माणसाच्या हातातील पत्र्याच्या ट्रंकेआधी गावाचे लक्ष जाई ते त्याच्या मनगटाकडे. मनगटावर घड्याळ असेल तर पोराचे बरे चालले आहे, असा निष्कर्ष निघे. सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, ही संस्था १९५३ साली स्थापन झाली आणि जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने १९६१ साली बंगळुरूत घड्याळांचा कारखाना काढला. जनता, पायलट, कोहिनूर ही तिच्या घड्याळांची नावे घरोघर झाली. रोज सकाळी चावी द्यावी लागे. देवनागरी अंकांची तबकडी असलेले घड्याळही तिने काढले होते.

त्या काळी एचएमटीला भावनेला हात घालावा लागत नव्हता, कारण मागणी जास्त आणि माल कमी होता. भावना समाजानेच त्या वस्तूत घातली होती. लग्नात जावयाला घड्याळ, अंगठी आणि सायकल द्यायची, पुढे त्यात ट्रान्झिस्टरची भर पडली. गंमत अशी की, घड्याळाचा कारखाना आणि हुंडा प्रतिबंधक कायदा ही दोन्ही १९६१ सालचीच अपत्ये. कायदा पुस्तकात राहिला आणि घड्याळ जावयाच्या हातावर चढले. कित्येक मुलींच्या बापांनी त्या एका घड्याळापायी वर्षभर सावकाराचे उंबरे झिजविले, हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. ज्या मनगटांवर ती घड्याळे होती त्यांतील अनेक मनगटे गावाकडे कायमची परतली. याच दशकात घड्याळाच्या व्यापारानेही कूस बदलली. टाटा उद्योगसमूह आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी मिळून १९८४ साली टायटनची स्थापना केली. झर्क्सीस देसाई हे तिचे पहिले कर्तेधर्ते. होसूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली घड्याळे चावीची नव्हती, क्वार्ट्झची होती. परंतु तंत्रापेक्षा मोठा बदल विक्रीत झाला. दुकानाच्या काचेच्या कपाटात दाटीवाटीने टांगलेले घड्याळ आता दागिन्याप्रमाणे मखमलीवर ठेवले गेले, आणि मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतील सुरावट घेऊन ते दूरचित्रवाणीवर आले. घड्याळ वेळ किती अचूक दाखविते, हे त्या जाहिराती क्वचितच सांगत. घड्याळ कोणी कोणाला दिले, हे त्या सांगत. पतीने पत्नीला, बापाने लेकीला, विद्यार्थ्यांनी निवृत्त होणाऱ्या गुरुजींना. ही शेवटची जाहिरात २०१० नंतरच्या वर्षांतली. वर्गात शेवटचा तास, बाकांवर बोटांनी धरलेला तोच ताल आणि सरांच्या हाती घड्याळ. ती पाहून डोळे ओलावलेले शिक्षक गडहिंग्लज तालुक्यातही असतील. ती जाहिरात वाईट होती असे कोणी म्हणणार नाही. उलट ती फार चांगली होती, आणि म्हणूनच तिचा विचार करावा लागतो. गुरुजींविषयीची कृतज्ञता ही पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव. त्या ठेवीला घड्याळाचे वेष्टन तेवढे नवे होते.

एचएमटीचा शेवटही येथेच सांगून टाकू. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. आणि मग नवलच घडले. वर्षानुवर्षे दुकानात धूळ खात पडलेली तीच घड्याळे शोधत माणसे फिरू लागली. हे ग्राहक बहुतांशी चाळिशी-पन्नाशीचे होते. त्यांना वेळ पाहायची नव्हती, तर वडिलांचा हात पाहायचा होता. वडील गेले, त्यांचे घड्याळ कुठे गेले ते कळले नाही, म्हणून तसेच दुसरे विकत घ्यायचे. यात कोणी कोणाला फसविले नाही. जाहिरातीवाचून भावना वस्तूला कशी चिकटते, याचा हा स्वच्छ नमुना.

याच भावनेचा अत्यंत हिशेबी उपयोग परदेशात झाला. जिनिव्हातील पाटेक फिलिप ही १८३९ सालची घराण्यासारखी जपलेली पेढी. तिची घड्याळे लाखोंच्या घरातली. १९९६ साली तिने एक जाहिरातमाला सुरू केली. चित्रात बाप आणि लहानगा मुलगा. आशय असा की, हे घड्याळ खऱ्या अर्थाने तुमच्या मालकीचे नसतेच, तुम्ही पुढच्या पिढीसाठी ते केवळ सांभाळीत असता. जाहिरातशास्त्राच्या दृष्टीने हा चमत्कार मानावा लागेल. पन्नाशीचा माणूस स्वतःवर एवढी रक्कम उधळताना कचरतो, कारण मुलाचे शिक्षण डोळ्यांपुढे असते. जाहिरातीने त्याच मुलाला चित्रात आणून बसविले. जी गोष्ट चैन होती ती कर्तव्य झाली, आणि जो मुलगा खरेदीच्या आड येत होता तोच खरेदीचे कारण झाला. आपल्याकडे पुढच्या पिढीसाठी सांभाळायची वस्तू म्हणजे जमीन, विहीर, देव्हारा आणि फार तर आजीची पितळी घागर. ती सांभाळावी असे सांगायला कोणाला जाहिरात करावी लागली नाही.

पन्नाशीची दुखरी जागा

हे सारे नेमके या वयातच का चालते? एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ साली एका निबंधात मध्यवयातील अरिष्टाची कल्पना मांडली. मृत्यू हा इतरांना येतो तसा आपल्यालाही येणार, याची खरी जाणीव माणसाला या टप्प्यावर होते, असे त्याचे निरीक्षण. पुढील अभ्यासांत, असे अरिष्ट प्रत्येकावर कोसळते असे काही आढळले नाही. पण बाजाराने तो शब्द उचलला तो उचललाच. मोटार, मोटारसायकल, घड्याळ, गॉगल या साऱ्यांना त्याने औषधाचे रूप दिले.

ही कल्पना पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवावी इतकी नवी नाही. ययातीची कथा महाभारतात आहे. अकाली जरा आली, तेव्हा या राजाने स्वतःच्या मुलाकडे, पुरूकडे, तारुण्य मागितले आणि मुलाने ते दिले. वि. स. खांडेकर यांनी कोल्हापुरात राहून ही कथा कादंबरीरूपाने १९५९ साली मराठी वाचकांपुढे ठेवली आणि त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. आजच्या ययातीला पुरूकडे जावे लागत नाही, तो दुकानात जातो. मात्र पैसे पुष्कळदा पुरूच्याच वाट्याचे असतात.

मनुस्मृतीने वानप्रस्थाची वेळ सांगताना तीन खुणा दिल्या आहेत. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पांढरे झाले आणि मुलाचे मूल पाहिले की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी. आज अरण्य राहिलेले नाही आणि ते असते तरी वनखात्याने कोणाला राहू दिले नसते. पण त्या तीन खुणांकडे पाहण्याची दृष्टी महत्त्वाची आहे. त्या खुणा लाज वाटण्याच्या नव्हत्या, बढतीच्या होत्या. बाजाराने त्यांतील प्रत्येक खुणेवर एकेक वस्तू बसविली. केसांना कलप, सुरकुत्यांना मलम, आणि नातवाच्या बारशाला आजोबांच्या गळ्यात जाड साखळी.

आपल्या परंपरेत वय साजरे करण्याचे विधी आहेतच. साठ वर्षे पुरी झाली की षष्ट्यब्दीपूर्ती, एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन. त्या प्रसंगी पूजा होते, होम होतो, कोणी तुला करतात, दान देतात. ज्याचा सोहळा तो देतो. दिवाळीच्या पाडव्याला पती ओवाळणी घालतो, भाऊबीजेला भाऊ. म्हणजे आपल्या घरातील कर्ता पुरुष वर्षभर देण्याच्याच बाजूला उभा असतो. त्याला कोणी काही देत नाही, याचे त्याला कधी दुःख होत असेल का? होत असेलही. ते तो बोलून दाखवीत नाही. व्यापाऱ्याने मात्र ते ऐकले.

पितृदिनाची कुळकथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. अमेरिकेत स्पोकेन या गावी सोनोरा डॉड नावाच्या बाईंनी, आईवाचून सहा भावंडांना वाढविणाऱ्या आपल्या वडिलांच्या आठवणीने, १९१० साली हा दिवस साजरा केला. हेतू निर्मळ होता. परंतु तो दिवस काही रुजेना. मग १९३८ साली न्यूयॉर्कच्या पुरुषांच्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी एक मंडळच स्थापन केले. टाय, पाइप, पट्टा, पाकीट या वस्तूंना गिऱ्हाईक हवे होते. १९७२ साली अमेरिकेत तो अधिकृत दिवस झाला आणि आता जूनचा तिसरा रविवार आपल्याकडील शहरांतही पाकिटांच्या आणि घड्याळांच्या सवलतींनी उगवतो. मुलीची कृतज्ञता खरी होती आणि व्यापाऱ्याची निकडही खरी होती. पुढे त्या दोन्ही एकमेकींत इतक्या मिसळल्या की कोणती कोणाची, हे आज सांगता येत नाही.

अंगठीवरची राजमुद्रा

आता जो भाग येतो तो येथील प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा आहे. गेल्या काही वर्षांत अंगठी, लॉकेट, कडे, गाडीच्या किल्लीची साखळी, पट्ट्याचे बक्कल, सर्वांवर शिवछत्रपतींची राजमुद्रा आली. जत्रेत ती पितळेत मिळते, सराफाकडे चांदीसोन्यात, आणि मोबाइलच्या पडद्यावर घरपोच. तिच्या जोडीला स्वाभिमान, मर्द, वाघ अशा शब्दांचा भरणा. गिऱ्हाईक केवळ तरुण नाही. ज्याचा मुलगा पुण्याला गेला आहे, ज्याच्या उसाला अपेक्षित भाव आला नाही, ज्याला सोसायटीच्या निवडणुकीत कोणी विचारले नाही, असा पन्नाशीचा गृहस्थ ती अंगठी बोटात घालतो आणि क्षणभर त्याला ताठ उभे राहावेसे वाटते.

त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. महाराजांविषयीची त्याची श्रद्धा दुकानदाराच्या हिशेबवहीपेक्षा फार जुनी आणि फार खरी आहे. प्रश्न वेगळा आहे. ती अष्टकोनी मुद्रा काय सांगते, हे अंगठी विकणारा सांगतो काय? प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी आणि विश्वाला वंद्य झालेली, शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा कल्याणासाठी विराजते, असा तिच्या संस्कृत शब्दांचा आशय आहे. पत्राच्या आरंभी ही मुद्रा उमटे आणि पत्र संपले की अखेरीस दुसरी, मर्यादा मुद्रा. हेतू हा की, तिच्यापुढे कोणाला एक अक्षरही वाढविता येऊ नये. बाजारात अंगठीवर दिसते ती पहिली मुद्रा. मर्यादेची मुद्रा बोटात घालावी असे कोणाला सुचलेले दिसत नाही.

भारतीय नौदलाने २ सप्टेंबर २०२२ रोजी जो नवा ध्वज स्वीकारला, त्यातील निळ्या अष्टकोनाची प्रेरणा याच राजमुद्रेची आहे. तेथे ती मुद्रा कर्तव्याची खूण आहे. तिला विक्रीची खूण कोण करते, हा प्रश्न कायद्यालाही पडलेला आहे. बोधचिन्हे व नावे यांचा गैरवापर रोखणारा कायदा १९५० सालचा. त्याच्या परिशिष्टात महात्मा गांधी, पंडित नेहरू यांच्याबरोबर छत्रपती शिवाजी महाराज यांचे नाव आणि चित्र समाविष्ट आहे. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून व्यापारासाठी त्यांचा वापर करता येत नाही. मुद्रा त्यात मोडते की नाही, हे कायदेपंडितांनी ठरवावे. नाव आणि चित्र मोडते, यात शंका नाही. हा कायदा किती दुकानदारांना माहीत आहे, हे एखाद्या जत्रेत फेरफटका मारला की समजते. मूळ कायद्यात दंडाची कमाल मर्यादा ५०० रुपये होती. तेवढ्यात हल्ली चांदीची बरी अंगठीही येत नाही.

हा कायदा एकदा मात्र जागा झाला होता. माँ ब्लाँ या विदेशी कंपनीने २००९ साली महात्मा गांधींच्या नावाने सोन्याचे पेन काढले. निबवर गांधीजींची आकृती, दांडीयात्रेच्या मैलांची आठवण म्हणून केवळ २४१ नग, आणि किंमत दहा लाख रुपयांहून अधिक. ज्या माणसाने आपल्या गरजा पंचावर आणून ठेवल्या, त्याच्या नावाची ही शोभेची वस्तू श्रीमंत, मध्यमवयीन पुरुषांच्या खिशाला लावण्यासाठी होती. केरळ उच्च न्यायालयात याचिका झाली, याच कायद्याचा आधार घेतला गेला आणि २०१० मध्ये कंपनीला भारतातील विक्री थांबवावी लागली. गांधीजींच्या नावाला जो न्याय लागला, तो शिवछत्रपतींच्या नावालाही लागतो. मग मराठी माणूस तक्रार का करीत नाही? कारण वस्तू विकणारा त्याच्या अभिमानाच्याच बाजूने बोलत असतो. विरोध करावा तर आपणच महाराजांच्या विरोधात बोलतो आहोत असे वाटावे, अशी ती योजना असते.

अभिमानाखालोखाल भय विकले जाते. पन्नाशीत रक्तदाब येतो, गुडघा कुरकुरतो, धंद्याची देणी थकतात. मग चुंबकाचे कडे येते, तांब्याचे कडे येते, शनीची अंगठी येते, यंत्राचे लॉकेट येते. चुंबकाच्या आणि तांब्याच्या कड्यांची ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी रीतसर चाचणी घेतली. २००९ साली सांध्यांच्या झिजेवर आणि २०१३ साली आमवातावर त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही वेळा कड्याने दुखणे हटत नाही असेच दिसले. पॉवर बॅलन्स नावाचे रबरी कडे जगभर खेळाडूंच्या मनगटांवर दिसत होते. डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगापुढे कंपनीला कबूल करावे लागले की, आपल्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही. तांब्याचे कडे हौसेने घालावे, चांगले दिसते. पण त्यासाठी डॉक्टरांची गोळी बंद करणाराही कोणी भेटतो, आणि मग त्या कड्याची किंमत दोनशे रुपये राहत नाही.

यंत्रांचे प्रकरण याहून गंभीर, कारण तेथे देवाचे नाव येते. दुपारच्या वेळी दूरचित्रवाणीवर हनुमानाच्या नावाने यंत्र विकणाऱ्या जाहिराती कित्येक वर्षे चालू होत्या. कर्जातून मुक्ती, धंद्यात बरकत, संकटातून सुटका. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये निर्णय दिला की, देवाच्या नावाने, चमत्कारिक शक्तीचा दावा करून अशा वस्तूंची जाहिरात करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे. काहींना हा धर्मावरील आघात वाटला. वास्तविक ज्याने समुद्र ओलांडला त्या रामभक्ताला हप्त्याने विकण्याचा अधिकार कोणाला दिला होता, हे धर्म मानणाऱ्यांनीच आधी विचारायला हवे होते. समर्थ रामदासांनी मारुतीची मंदिरे उभारली ती तालमीच्या शेजारी शोभणारी. तेथे जोर काढावे लागतात, नुसते लॉकेट घालून चालत नाही.

पायताणाची करकर

असे नव्हे की भावनेचा सौदा केवळ परक्यांनी किंवा शहरी जाहिरातदारांनीच केला. कोल्हापुरी चप्पल पाहा. याच जिल्ह्यातील कापशीचे नाव एका प्रकाराला मिळाले आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, हाताने विणलेली वेणी, वर गोंडा. आणि तळव्याच्या थरांमध्ये बी घालून साधलेला तो करकर आवाज. तो आवाज चालण्याच्या सोयीसाठी नव्हता. पाटील येत आहेत हे पाटील दिसण्यापूर्वी कळावे, यासाठी होता. म्हणजे पुरुषाच्या रुबाबाची नस आपल्या कारागिराने केव्हाच ओळखली होती. फरक एवढाच की, तो गिऱ्हाइकाच्या समोर बसून, त्याच्या पायाचे माप घेऊन चप्पल बनवीत असे आणि चप्पल वर्षभरात उसवली तर त्याच्याच दारात परत येत असे. रुबाब खोटा निघाला तरी शिवण खोटी चालत नसे.

या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीच्या पुरुषांच्या वस्त्रप्रदर्शनात हुबेहूब तशी पादत्राणे अवतरली, आणि त्यांच्यासोबत कोल्हापूरचे नावही नव्हते. केवळ चामडी सँडल एवढीच ओळख. महाराष्ट्रात संताप उसळला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले आणि भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. कंपनीची माणसे जुलैत कोल्हापुरात आली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे २००० जोड येथील कारागिरांच्या सहकार्याने बनवायचे आणि सुमारे ८०० युरोला एक विकायचा, असे जाहीर झाले. रुपयांत सांगायचे तर ऐंशी हजारांच्या पुढे.

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये हीच वस्तू हजार-दोन हजारांत मिळते आणि तिथे गिऱ्हाईक शंभर रुपयांसाठी घासाघीस करते. मिलानच्या ग्राहकाला चामड्याबरोबर एक कथा विकली जाते आणि त्या कथेचेच पैसे घेतले जातात. ती कथा आपली होती. तिच्या किमतीतला किती हिस्सा हिरड्याच्या पाण्यात हात काळे करणाऱ्या माणसाकडे पोहोचतो, एवढे मात्र करारावर लक्ष ठेवून पाहत राहावे लागेल. जून २०२५ मध्ये ज्यांचा अभिमान दुखावला, त्यांच्यापैकी कितींनी त्यानंतर कारागिराकडून स्वतः एक जोड विकत घेतला, हाही प्रश्न अवघड आहे.

खरेदी करताना

हौस करू नये असा या व्याख्यानाचा आग्रह नाही. तीस वर्षे घर ओढलेल्या माणसाने एक चांगले घड्याळ घेतले तर घरच्यांनी आनंदच मानावा. मात्र डोळे उघडे असावेत. मोबाइलवर केवळ दहा मिनिटे उरली असे घड्याळ उलटे पळू लागते, ते पुष्कळदा खोटे असते. सवलत नाकारताच तुम्हाला कुटुंबाची काळजी नाही अशा अर्थाचे वाक्य समोर येते, तेही हेतुपुरस्सर असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी निकड दाखविणे आणि गिऱ्हाइकाला लाजविणे, या दोन्ही त्यांत आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. बिनव्याजी हप्त्यांचेही तसेच. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वातच नसते, व्याज कोठेतरी किमतीत किंवा शुल्कात दडलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. उसाचे बिल येईल या भरवशावर सहा हप्त्यांत घेतलेले घड्याळ वेळ दाखविते, पण बिलाची वेळ त्याला ठाऊक नसते.

सोन्याची अंगठी किंवा साखळी असेल तर तिच्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आहे ना, ते भिंगातून पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय सोन्याचे दागिने विकता येत नाहीत. क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकला की दागिना कोणत्या शुद्धतेचा, कोणी तपासला, हे दुकानातल्या दुकानात दिसते. चांदीसाठी ही सोय १ सप्टेंबर २०२५ पासून ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली आहे. म्हणजे राजमुद्रेची चांदीची अंगठी घेणाऱ्यालाही आता सराफाकडे तो क्रमांक मागता येईल. पक्की पावती घ्यावी. पावतीवर वजन, शुद्धता आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. त्या पावतीवर अभिमानाचा रकाना नसतो, त्याचे पैसे मजुरीत धरलेले असतात. ते किती, हे सराफाला तेथेच, सर्वांसमक्ष विचारावे.